नाक मुरडण्याआधी

साप्ताहिक पाठ, नंदगड परिवार. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. एकानं मोठ्यानं वाचला तर आजी-आजोबांनाही ऐकता येईल.



गेल्या रविवारी पाठ आला नाही म्हणून बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं. माझी तब्येत बरी आहे, काळजी नको. पाठ लिहून तयार होता, विषयही ठरलेला होता, "देवानं दिलेलं शरीर". पण पाठवायला बसलो आणि हात चालेना. का चालेना, ते आज सांगतो. थोडं घरातलं आहे, पण आपल्यात काय लपवायचं.

आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे. नंदगड, खानापूर, बेळगाव, निपाणी, पुणे, बेंगळूर असे सगळीकडचे मिळून 57 जण. महिन्यापूर्वी बेळगावातल्या एका लग्नाचे फोटो त्यावर आले. त्यात माझ्या चुलतभावाची मुलगी होती. बेंगळूरला नोकरी करते, वय 29. तिनं नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायलाच पाहिजे होतं असंही काही नाही म्हणा. पण फोटोत दिसलं, आणि सुरू झालं.

"ओळखूच येईना की गं!" "किती खर्च आला?" "आधी काय वाईट होतं?" "पगार जास्त झाला की असंच होतंय." एका आत्तीनं हसण्याची चार चित्रं टाकली. दुपारपर्यंत 40 मेसेज झाले. त्यात मीही एक टाकला. मी टोमणा मारला नाही, मी गोष्ट टाकली. अष्टावक्राची. आठ ठिकाणी वाकलेल्या अंगाचा मुलगा जनकाच्या सभेत जातो, पंडित हसतात, तो म्हणतो तुम्ही नुसती कातडी बघता. खाली मी लिहिलं, "शरीर आहे तसं स्वीकारावं." नमस्काराचं चित्र. दहा-बारा जणांनी अंगठा दाखवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दोन तासांनी स्क्रीनवर ओळ आली, तिनं ग्रुप सोडला होता.

रात्री तिच्या आईचा, म्हणजे वैनींचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भावजी, गोष्ट चांगली होती हो. पण तिला नकटी पहिल्यांदा कोण म्हणालं, आठवतंय काय तुम्हाला?"

आठवलं. बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून मीच म्हणालो होतो, "ही आमची नकटी." सगळे हसले. लाडानंच म्हणालो होतो. पण ते नाव चिकटलं. शाळेत पहिला नंबर आला तर "आमची नकटी पहिली आली." कॉलेजला गेली तर "नकटी आता हॉस्टेलवर." पुढं स्थळं बघायला लागले तेव्हा कुणीतरी जेवणाच्या पंगतीत म्हणालं, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." ते म्हणणारा मी नव्हतो एवढं नक्की. हसणाऱ्यांत होतो. ती वाढत होती तेव्हा, भाताचं पातेलं हातात घेऊन.

त्या रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या नाकाचीच एक जुनी गोष्ट आठवत राहिली. ही पुराणातली नाही, इतिहासातली आहे.

रायण्णांना आपल्या नंदगडात फाशी दिली ती 1831 साली. त्याच्याही साधारण 40 वर्षं आधी, 1790 ते 1792 मध्ये, टिपू सुलतान एका बाजूला आणि इंग्रज, मराठे, निजाम दुसऱ्या बाजूला अशी मोठी लढाई झाली. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला कित्येक महिने वेढा घातला तो याच लढाईत. म्हणजे ही सगळी धामधूम आपल्याच मुलखातून गेलेली. इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकायला एक माणूस होता. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं पडलंय. आपल्या कानाला ते पारशी वाटेल, पण त्या मजकुरात तो मराठा, शेतकरी जातीचा असंच म्हटलंय. 1792 मध्ये तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. त्याच्याबरोबर आणखी काही शिपायांचीही नाकं गेली.

तो जगला. कंपनी सरकारनं त्याला पेन्शन दिली. सुमारे वर्षभर तो बिनानाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाकडं गेला. हा माणूस वैद्य घराण्यातला नव्हता. विटा करणाऱ्या जातीतला, म्हणजे कुंभार, असं लिहिलंय. आणि त्यानं कावसजीला नवं नाक करून दिलं. ही 1793 ची गोष्ट.

कसं केलं, ते ऐकण्यासारखं आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेनं रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी खाच करून बसवली. चिकटवायला काय, तर काथ! आपण पानाला लावतो तो. पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस माणसानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. साधारण 25 व्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापायची, की झालं नाक. पुढं काही काळानं कपाळावरची खूणसुद्धा फारशी दिसत नाही, असं लिहून ठेवलंय.

हे काम क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी उभं राहून पाहिलं. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासह ते छापून आलं. ते वाचून लंडनचा डॉक्टर जोसेफ कार्प्यू यानं 20 वर्षं विचार केला आणि 1814 मध्ये तशी शस्त्रक्रिया स्वतः केली. आज जगभरातले सर्जन कपाळाच्या कातडीनं नाक करतात त्या पद्धतीला हिंदुस्थानी पद्धत म्हणतात. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक करायची रीत दिलेली आहे, तेव्हा ही विद्या आपल्याकडं फार जुनी. बघणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची नावं राहिली, छापणाऱ्याचं राहिलं. करणाऱ्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. हे मला दर वेळी टोचतं, पण तो आजचा विषय नव्हे.

आता घरात वाचत असाल तर इथं जरा थांबा आणि एकमेकांना विचारा. कावसजीला त्या नाकाची गरज होती काय?

श्वास चालू होता. जेवत होता. पेन्शन येत होती. नवं नाक लावून तोडलेला हात काही परत येणार नव्हता. जिवाला धोका होता तो उलट त्या शस्त्रक्रियेतच. भूल देणारं औषध तेव्हा नव्हतं, कपाळ शुद्धीवर असतानाच सोलायचं. जखम चिघळली तर माणूस जायचा. तरी तो गेला. कारण उघड आहे. बाजारात जायचं होतं, पाण्यावर जायचं होतं, चार माणसांत बसायचं होतं. आपल्या भाषेतच बघा ना. अब्रू गेली तर आपण नाक कापलं म्हणतो. शिक्षा करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर नाक निवडलं.

कावसजीला आपण कुणीच नावं ठेवणार नाही. "देवानं ठेवलंय तसं राहावं की" असं कुणी म्हणणार नाही. का? तर त्याचं नाक दुसऱ्यानं कापलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. आणि ज्या पोरीचं नाक आपण 29 वर्षं रोज थोडं थोडं कापलं, हसत हसत, लाडानं, पंगतीत, तिचं ते दिसत नाही. तिनं जाऊन ते शिवून घेतलं, की आपण विचारतो, "आधी काय वाईट होतं?" काय वाईट होतं ते आपणच तर तिला शिकवलं.

काही जण म्हणतील, हे ओढूनताणून झालं. कुठं युद्धातला कैदी आणि कुठं लाडाचं नाव. मान्य आहे, दोन्ही सारखं नाही. पण मला एवढंच विचारायचं आहे, की गरज कुठं संपली आणि हौस कुठं सुरू झाली हे बाहेर उभं राहून कुणाला कळतं? कुष्ठरोगाचं घ्या. औषधानं रोग जातो, पण तोपर्यंत कित्येकांच्या भुवया झडलेल्या असतात, नाकाचा दांडा बसलेला असतो. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची वाकडी बोटं त्यांनी शस्त्रक्रिया करून हलती केली. पण हात चालू झाला तरी चेहरा बघून लोक दारातूनच परत पाठवायचे. म्हणून मग नाक आणि भुवयाही करायला लागल्या, डोक्यावरची केसांची कातडी भुवईच्या जागी लावून. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनीही कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्यांसाठी फार मोठं काम केलं, 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता भुवई नसली म्हणून कुणी मरतंय काय? नाही. पण ती आली की माणसाला काम मिळत होतं, सोयरिक जमत होती. याला हौस म्हणायचं का औषध? मला तरी एका शब्दात सांगता येत नाही.

ओठ फाटलेलं मूल जन्मलं तर आजही आपल्या खेड्यांत पहिल्यांदा आईला विचारतात, "ग्रहणात काही चिरलं होतंस काय?" बाईचं बाळंतपण व्हायच्या आधीच निकाल तयार. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही हे डॉक्टर सांगून थकले.

आणि आपण स्वतः काय करतो, तेही बघू या. पोर बाराव्या दिवशी पाळण्यात असतं तेव्हा सोनार बोलावून त्याचे कान टोचतो, त्याला विचारतो काय? आमच्या आईच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं. ते देवानं दिलेलं नव्हतं. तात्या लोक केस काळे करतात, मीही करतो, दर पंधरा दिवसांनी. दात पडले की कवळी बसवतो. मुलीच्या दातांना क्लिपा लावायला बेळगावला वर्षभर फेऱ्या मारतो आणि त्याला कुणी हौस म्हणत नाही. गोरं करणारं ते क्रीम 1975 मध्ये बाजारात आलं, 2020 मध्ये त्यानं नावातला गोरेपणा काढला, पण आपल्या स्थळांच्या चिठ्ठ्यांतला अजून निघाला नाही. "मुलगी सावळी आहे, पण स्वभावानं चांगली." हा "पण" कुणी लिहिला? सर्जननं तर नाही.

तेव्हा जिथपर्यंत आपली सवय आहे तिथपर्यंत संस्कार, त्याच्या पुढं दुसरा एक पाऊल गेला की थेर. अशी आपली मोजपट्टी आहे.

श्रीदेवी 24 फेब्रुवारी 2018 ला दुबईत वारल्या. तेव्हा दोन-तीन दिवस आपल्या ग्रुपांवर काय काय फिरलं, आठवा. इतक्या शस्त्रक्रिया केल्या, म्हणून असं झालं. सौंदर्याचा हव्यास. बायकांनी यातून धडा घ्यावा. लांबच लांब मेसेज. दुबईच्या सरकारी चौकशीत निघालं ते वेगळंच, शुद्ध हरपून बाथटबमध्ये अपघातानं बुडून मृत्यू. तो निष्कर्ष आल्यावर आपल्यापैकी किती जणांनी आधीचा मेसेज मागं घेतला? मी नाही घेतला. 54 वर्षांची बाई, दोन मुलींची आई, अजून अंत्यसंस्कार व्हायचे होते.

आता दुसरी बाजू. हीसुद्धा सांगायलाच पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल काका म्हणतात काहीही करा, कुणी बोलायचं नाही. तसं मी म्हणत नाही. शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच असते. मे 2022 मध्ये बेंगळूरला कन्नड मालिकांत काम करणारी 21 वर्षांची मुलगी चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. घरच्यांना न सांगता मैत्रिणींबरोबर गेली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. तिनं का सांगितलं नाही ते तिच्याबरोबर गेलं, त्यावर मी बोलणार नाही. पण आपल्या घरातली पोरं का सांगत नाहीत, ते आपल्याला ठाऊक आहे. सांगितलं की काय ऐकायला मिळेल, ते त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत रोज ऐकलेलं असतं. मग पोर एकटं जातं. डॉक्टर खरंच प्लास्टिक सर्जरी शिकलेला आहे काय, भूल देणारा वेगळा डॉक्टर आहे काय, अडचण आली तर अतिदक्षता विभाग आहे काय, हे विचारायला बरोबर कुणी मोठं माणूस नसतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये स्पष्ट सांगावं लागलं, की यूट्यूबवर बघून किंवा एखाद्या कार्यशाळेत बसून केसरोपणासारखी कामं शिकता येत नाहीत. म्हणजे तशी करणारे आहेत!

कर्ज काढून करायचं म्हणत असेल, सोळा वर्षांची पोर असेल, नवरा किंवा सासू मागं लागलेली असेल, तर जरूर बोलावं. आधी बोलावं, एकटीला गाठून बोलावं, आणि प्रश्न विचारून बोलावं. "कुठं करतीयस? कोण डॉक्टर? मी येऊ काय बरोबर?" काळजी अशी असते. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर 57 जणांसमोर जे विचारतो ते कशासाठी विचारतो, ते ज्याचं त्यानं रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर बघावं. मी बघितलं. मला काळजी नव्हती. मला गोष्ट सांगायची होती.

त्या गोष्टीचंही आता सांगतो. अष्टावक्राची सभा हसल्याची कथा आपण कीर्तनांतून ऐकतो आणि दर वेळी ती कुणाला सुनावतो? ज्याचं अंग वाकडं आहे त्याला. "बघ, अष्टावक्र कसा समाधानी होता." अहो, पण त्या गोष्टीत चूक अष्टावक्राची नाहीच! ऐकायची ती हसणाऱ्या पंडितांनी. मी इतकी वर्षं ती उलट्या माणसाला सांगत आलो.

आणि दुसरं. गेल्या आठवड्यात महाभारतातलं वनपर्व काढून बसलो. तिथं काय आहे? अष्टावक्र आईच्या पोटात असताना बाप कहोड वेद म्हणत होता, त्यात चुकला. पोटातल्या मुलानं चूक दाखवली. बापाला राग आला, तो म्हणाला, आठ ठिकाणी वाकडा होशील. म्हणजे मूल जन्मायच्या आधीच घरातल्या मोठ्या माणसाच्या शब्दानं वाकडं झालं. पुढं तोच बाप वादात हरला, पाण्यात बुडवला गेला. मुलगा लहान वयात मामाबरोबर जनकाच्या दरबारात गेला, बंदीला वादात हरवलं आणि बापाला सोडवून आणलं. मग बापानं काय केलं? मुलाला म्हणाला, समंगा नदीत उतर. तो उतरला, आणि त्याचं सगळं अंग सरळ झालं.

शेवट असा आहे! ज्या गोष्टीवरून मी पोरीला "आहे तसं स्वीकारावं" म्हणालो, त्या गोष्टीतला अष्टावक्र शेवटी अंग सरळ करून घेतो. आणि तिथं काठावर उभं राहून "आधी काय वाईट होतं" असं विचारणारा कुणी नाही. नदीत उतर म्हणणारा तोच बाप आहे.

म्हणून तो आधीचा पाठ मी पुसून टाकला.

मंगळवारी मी तिला फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, "बाळ, ते नाव मी ठेवलं होतं. चुकलं माझं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, नाव तुम्ही ठेवलं हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं ते माझंच आहे." पुन्हा गप्प. मी विचारलं, दुखतंय काय अजून. म्हणाली, सकाळी उठल्यावर थोडी सूज असते, डॉक्टर म्हणाले वर्षभर लागेल पूर्ण बसायला. ग्रुपवर परत ये म्हणायला मला धीर झाला नाही. तिनंच सांगितलं, "ग्रुपवर नाही येणार मी आत्ताच. पण पाठ मला वेगळा पाठवत जावा."

हा पहिला तिला पाठवतोय, मग तुम्हाला.

या आठवड्यात घरी बसाल तेव्हा प्रत्येकानं आपल्या घरात कुणाला काय नाव पडलंय ते आठवावं, काळी, जाडी, टकलू, बुटक्या, दातरी, जे असेल ते, आणि ते पहिल्यांदा कोण म्हणालं तेही. ग्रुपवर लिहू नका. ज्याचं नाव आहे त्यालाच जाऊन सांगा.

पुढचा पाठ नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी.